चप्पल घालून आंघोळ

पत्र

काका, सा. न. वि. वि.

गीझरवरून आमच्या घरात चार माणसांची चार मतं झाली आहेत. सहा वर्षांपूर्वी आम्ही सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला आलो. इमारत ११ मजली, आम्ही तिसऱ्यावर. पाणी बहुतेक टँकरचं, थोडं बोअरचं. येतानाच १५ लिटरचा नवा गीझर घेतला होता. गेलं वर्षभर तो तापताना तडतड वाजतो. गणपतीपासून खालून थेंब पडतात, टाइलवर तांबूस ओघळ उमटलाय. सकाळी गरम पाण्याचा पहिला तांब्या पिवळट येतो. मोठा शॉवर बसवल्यापासून मुलाची आंघोळ झाली की मागच्याला गार पाणी. एक मेकॅनिक म्हणाला, पाच वर्षं झाली की गीझर बदलायचाच असतो. दुसरा म्हणाला, कॉइल गेलीय, १,८०० रुपयांत करून देतो. सासूबाई म्हणतात, पेठेतला गीझर १४ वर्षं चालला, तुम्हाला टाकायची घाई. मिस्टर म्हणतात, बदलायचाच तर गॅस गीझर घेऊ, बिल वाचेल. हल्ली नळाला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून मिस्टर चप्पल घालून आंघोळ करतात, त्यावरून आमची थट्टा चाललेली असते. तर बदलू की दुरुस्त करू?

— एक वाचक, वाघोली

उत्तर

ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडकलो तो त्याच्या आधीच्या वाक्यापाशी. नळाला मुंग्या येतात आणि मिस्टर चप्पल घालून आंघोळ करतात, हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. मला काही हसू आलं नाही. हे वाचताय तिथून उठा, हात कोरडे करा, पायात कोरडी रबरी चप्पल घाला आणि गीझरचा प्लग सॉकेटमधून ओढून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. बटण दोनपैकी एकच तार तोडतं, आणि वायरिंग करणाऱ्याने फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद असूनही गीझरमध्ये करंट खेळत राहतो. अशी उलटी जोडणी चांगल्या चांगल्या फ्लॅटमधून निघते. प्लगपर्यंत हात पोचत नसेल तर गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा त्याचा स्विच) खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे सकाळी झोपेत कुणी वर करणार नाही. दोन-चार दिवस पातेल्यात पाणी तापवलंत तर काही बिघडत नाही.

आता मुंग्या का येतात ते. गीझरची कॉइल म्हणजे धातूची पोकळ नळी. तिच्या मधोमध तापणारी तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये ठासून भरलेली पांढरी भुकटी. ही भुकटी उष्णता जाऊ देते, करंट अडवते. नळीला केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरतं, भुकटी ओली होते आणि करंट पाण्यात उतरतो. म्हणजे कॉइल गेली आहे हे खरं. पण तेवढ्याने तुमच्या हाताला मुंग्या यायला नकोत. टाकीला अर्थिंगची हिरवी तार जोडलेली असते. पाण्यात उतरलेला करंट तिच्या वाटेने जमिनीत निघून जायला हवा. तो तुमच्या हातातून वाट शोधतोय, याचा अर्थ हिरवी तार कुठेतरी सुटलीय, गंजलीय किंवा सॉकेटपर्यंत आलेलीच नाही. हा दोष गीझरचा नाही, घराचा आहे. उद्या तुम्ही नवा कोरा गीझर लावलात तर मुंग्या थांबतील, तुम्ही सगळे खूश व्हाल, आणि तो दोष भिंतीत तसाच बसून राहील. नव्या कॉइलला चीर जाईपर्यंत.

म्हणून पहिला खर्च गीझरवर करू नका. चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि गीझरच्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला सांगा. तो मल्टिमीटर लावून "२३० दाखवतंय, ओके आहे" म्हणाला तर तिथे थांबू नका. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लोंबकळणारं अर्थिंगसुद्धा मीटरवर ठणठणीत दिसतं. जुने वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून बघायचे. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग खरं, मिणमिणला तर खोटं. (घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा खटका, असेल तर बल्ब लावताच तो पडेल, आणि पडायलाच हवा, इलेक्ट्रिशियनला ते माहीत असतं.) हे काम त्यानेच करायचं, तुम्ही किंवा मिस्टरांनी नाही.

आरसीसीबी म्हणजे ज्याला लोक अजून ईएलसीबी म्हणतात तो. तुमच्या बोर्डावर असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते यंत्र म्हणजे नुसती शोभेची डबी. आणि एक लक्षात घ्या, माणसाला एखाद्या मिलिअँपिअरलाही मुंग्या जाणवतात, घरातलं हे यंत्र साधारण ३० मिलिअँपिअरसाठी असतं. खटका पडत नाही म्हणून सगळं आलबेल, असा हिशेब करू नका. उलट तो सारखा पडतो म्हणून वैतागून कुणी तो काढून सरळ तार जोडून दिली असेल, तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

एवढं झालं की मग गीझर.

बदलायचा की दुरुस्त करायचा, हे ठरवताना मी वय विचारत नाही, पहिल्यांदा टाकी बघतो. गीझरमधलं बाकी सगळं बदलता येतं. कॉइल, थर्मोस्टॅट, जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट, खालचं गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, दिवा, वायर, सगळं बाजारात मिळतं आणि तासाभरात बसतं. टाकी तेवढी बदलत नाही. टाकीभोवती फोम ओतून पक्का केलेला असतो, त्यावर बाहेरचं कवच. वेगळं करायला गेलात तर गीझर उरत नाही. आणि बहुतेक टाक्या पोलादी पत्र्याच्या, आतून काचेचा मुलामा दिलेल्या असतात. मुलाम्यावर वेल्डिंग केलं की तो तडकतो आणि भोकाशेजारी नवं भोक तयार होतं.

इथे सासूबाईंची बाजू घेतो. त्यांच्या पिढीने बंब पाहिलाय. तांब्याचा बंब गळायला लागला तर कसब्यातल्या तांबट आळीत न्यायचा, डाग लावून आणायचा, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, वरून उघडा. त्यात दाब नाही, वीज नाही. वस्तू दुरुस्त होते हा त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त ती वस्तू वेगळी होती. गीझरची टाकी बंद असते आणि पाण्याच्या दाबाखाली असते. डाग लावलेली टाकी डोक्यावर टांगून मी तरी खाली उभा राहणार नाही.

आणि त्यांच्या १४ वर्षांचंही उत्तर आहे. पेठेत खडकवासल्याचं पाणी येतं. धरणात साठलेलं पावसाचं पाणी, हलकं. वाघोलीला तुम्ही वापरता ते जमिनीतून, काळ्या खडकाच्या भेगांतून वर आलेलं, जड. गीझर तोच असता तरी तिथे १४ आणि इथे सहा, असं झालं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (म्हणजे जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या टँकरचं पाणी मधलं, ४०० चं आहे. रोज ६० लिटर पाणी गीझरमधून गेलं तर त्याबरोबर २४ ग्रॅम चुना गेला. वर्षाचे झाले पावणेनऊ किलो. त्यातला बराचसा पाण्याबरोबर बादलीत उतरतो, पण पाणी तापलं की विरघळलेला चुना सुटा होतो आणि जिथे सगळ्यांत गरम तिथे, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसतो.

हडपसरला माझं दुकान होतं तेव्हा सोसायटीतला असाच एक गीझर खाली उतरवून फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेली खालची तबकडी, उघडली. आधी पाणी आलं, मग नुसती पोपडी. मोडलेल्या बत्ताशांसारखे पांढरे तुकडे, घमेलं अर्धं भरलं. कॉइल बाहेर येईना. कॉइल करंगळीएवढ्या जाडीची असते, ही मनगटाएवढी झाली होती, ज्या भोकातून सहा वर्षांपूर्वी आत गेली त्यातून आता बाहेर निघत नव्हती. शेवटी पकडीने चुना फोडत फोडत काढली. तुमच्या गीझरची तडतड ती हीच. पोपडीखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचा बुडबुडा फुटतो, आवाज येतो. आवाजाने गीझर मोडत नाही. तडतड म्हणजे साफसफाईची वेळ झाली, बदलायची नव्हे. तडतडीच्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षीच, कुणी टाकी उघडून धुतली असती तर कदाचित हे पत्र लिहावं लागलं नसतं.

जाता जाता एक गैरसमज. "कॉइलवर क्षार बसले की बिल वाढतं" असं सगळे सांगतात, काही मेकॅनिकही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे. तिची उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना, पाण्यातच. बिलात फार फरक पडत नाही. फरक पडतो कॉइलला. चुन्याच्या गोधडीखाली ती लालबुंद होते आणि नळीला चीर जाते. म्हणजे वीज वाया जात नाही, जीव धोक्यात येतो.

आता गळती. गीझर थेंब टाकतो तेव्हा तो कुठून आणि कधी टाकतो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाचंही मत ऐकू नये. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की साधारण पेलाभर वाढतं. खालच्या थंड पाण्याच्या पाइपवर उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असेल तर त्या पेलाभर पाण्याला सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय वाट नाही. म्हणून तापतानाच थेंब पडत असतील आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या छोट्या नळीतून पडत असतील तर तो गीझर निरोगी आहे. त्याला हात लावू नका. या निरोगी थेंबांना वैतागून लोक काय करतात, ते मी पाहिलंय. एका घरी व्हॉल्व्हचं तोंड एम-सील लिंपून बंद केलं होतं, वर सुबक बोट फिरवून. थर्मोस्टॅट अजून चालत होता म्हणून त्या घरी भिंत शाबूत होती. दिवसभर, गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह गळत असेल तर तो व्हॉल्व्ह बदला, किंवा दाबाचं काही बघा. तुमच्या बाबतीत दाबाची शंका मला नाही. टाकी गच्चीवर, तुम्ही तिसऱ्यावर, मध्ये आठ-नऊ मजले, म्हणजे फार तर तीन बार. उंच इमारतींसाठी म्हणून विकले जाणारे गीझर ८ बारचे असतात. सोसायटीने प्रेशर पंप बसवला असेल तर मात्र तो कितीवर लावलाय ते विचारा.

दुसरी जागा, वर-खाली जोडलेल्या पाइपांचे सांधे. तिथे वायसर आणि टेफ्लॉन टेप, झालं काम. तिसरी जागा, खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर दिसणारी फ्लँज, जिथे कॉइल बसवलेली असते. तिथलं रबरी गॅस्केट कडक होऊन गळतं. तेही बदलता येतं. पण फ्लँज कोरडी, सांधे कोरडे आणि पाणी कवच व झाकणाच्या फटीतून किंवा वायर आत जाते त्या भोकातून झिरपत असेल, आणि ते तांबूस असेल, तर ते टाकीचं पाणी आहे. फोममधून वाट काढत आलेलं.

तुमच्याकडे काय आहे ते प्लग काढलेल्या गीझरवर घरीच कळेल. सगळं फडक्याने पुसा, मग सांध्यांना, व्हॉल्व्हला, झाकणाच्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळा. रात्रभर ठेवा. सकाळी कुठली पट्टी ओली आणि कुठली तांबडी, ते बघा. झाकण मात्र स्वतः काढू नका.

पट्ट्या न लावताच मी अंदाज सांगतो, कारण तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे. पहिला तांब्या पिवळट येतो. इथेही एक उलटतपासणी हवी: सकाळी आधी थंड पाण्याचा नळ सोडून तांब्या भरा, मग गरम पाण्याचा. दोन्ही पिवळे असतील तर दोष पाइपाचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा, गीझर निर्दोष. फक्त गरमच पिवळा असेल तर गीझर आतून गंजतोय. तुम्ही "गरम पाण्याचा" असं नेमकं लिहिलंय, त्यावरून दुसरं असावं. गरमच पिवळं, खालून तांबूस ओघळ, आणि कॉइलला चीर. तिन्ही एकत्र आली की माझं उत्तर एकच: बदला.

म्हणजे पहिला मेकॅनिक बरोबर? निष्कर्ष बरोबर, कारण साफ चूक. पाच वर्षं झाली म्हणून गीझर बदलायचा नसतो, नाहीतर तुमचा पेठेतला गीझर दोनदा बदलावा लागला असता. दुसऱ्याने कॉइल अचूक ओळखली, पैसेही वाजवी सांगितले, माणूस लबाड वाटत नाही. फक्त त्याने ओघळाकडे बघितलं नाही. टाकी कोरडी असती तर मीच म्हटलं असतं, द्या १,८०० आणि वर अ‍ॅनोडचे पैसे. गळक्या टाकीत नवी कॉइल म्हणजे पडक्या वाड्याला नवं दार.

अ‍ॅनोड हा शब्द तुम्ही बहुधा पहिल्यांदाच ऐकताय, आणि त्यात तुमचा दोष नाही. गीझर विकताना हे क्वचितच कुणी सांगतं. पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजतं, त्यामुळे पाण्याची गंजवण्याची सगळी हौस त्या कांडीवर भागते आणि टाकी वाचते. कांडी संपली की पाणी टाकीकडे वळतं. जड पाण्यात ती दोनेक वर्षांत नुसती तार होऊन राहते. काहीशे रुपयांची वस्तू. तुमच्या गीझरमध्ये सहा वर्षांत ती बदललीच नसणार, माझी पैज. गीझर उतरवल्यावर प्लंबरकडून उघडून घ्याल तेव्हा कळेल; तिथे कांडीच्या जागी दाभणाएवढी तार दिसेल.

मुलाच्या शॉवरचा प्रश्न राहिला. त्यात गीझरची काही चूक नाही. ६० अंशांचं १५ लिटर पाणी, त्यात थंडीतलं २० अंशांचं गार पाणी मिसळून ४० अंशांचं अंघोळीचं पाणी केलं तर होतं ३० लिटर. बादलीने अंघोळ करणाऱ्यांना दीड-दोन बादल्या. मोठा शॉवर मिनिटाला १० लिटर सहज ओततो, म्हणजे तीन मिनिटांत खेळ खलास. मग पुन्हा तापायला २० मिनिटं. १५ लिटर आणि २,००० वॉटचा कुठलाही गीझर यापेक्षा लवकर तापवू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो. तुमचा ४० मिनिटं घेत असेल तर गोष्ट वेगळी, मग व्होल्टेज बघा. २३० च्या जागी २०० येत असतील तर २,००० वॉटची कॉइल १,५०० चंच काम करते. तेव्हा नवा गीझर २५ लिटरचा घ्या, किंवा मुलाला बादली द्या. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण मी कॉलेजातल्या मुलांशी वाद घालणं सोडलंय.

मिस्टरांच्या गॅस गीझरला माझा ठाम विरोध. पैशांचं गणित त्यांचं चुकलंय असं नाही. पण गॅस जळायला हवा लागते, आणि बंद बाथरूममध्ये ती पुरत नाही. मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, कडी काढायला हात उचलत नाही. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून बातमी येते, कधी नवं जोडपं, कधी कॉलेजातली मुलं. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी तो बाथरूमबाहेर, उघड्या हवेत लावावा, आणि ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली की वापर बंद करून माणूस बोलवावा. फ्लॅटच्या बाथरूममध्ये बसवायचा असेल तर मला विचारू नका.

विजेचाच घ्या. दुकानात गेलात की स्टार दाखवतील. तर स्टार कशाचे ते ऐका: तापलेलं पाणी दिवसभर टाकीत ठेवलं तर ते तसंच गरम ठेवायला किती वीज जाते, त्याचे. सकाळी अर्धा तास लावून, वापरून, बंद करणाऱ्या घराला त्याचा लाभ थोडाच. दिवसभर चालू ठेवणारे असाल तर पाच स्टार घ्या. तुमच्या पाण्याला त्याहून महत्त्वाचं ते हे की कॉइल आणि अ‍ॅनोड दोन्ही खालून सहज काढता येतात का, तुमच्या भागात त्यांचे सुटे भाग मिळतात का, आणि टाकीच्या वॉरंटीत जड पाण्याबद्दल बारीक अक्षरात काय लिहिलंय. ते बारीक अक्षर दुकानातच, पैसे देण्याआधी वाचा. डब्यावर आयएसआय खूण बघा, मानक क्रमांक आयएस २०८२. पाइपला चुंबक लावून पाणी हलकं करणाऱ्या यंत्रांवर मी स्वतः पैसे घालणार नाही. सगळ्या इमारतीसाठी मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवायचा विषय सोसायटीच्या सभेत काढता आला तर काढा. ११ मजल्यांचे सगळे गीझर, वॉशिंग मशीन आणि नळांच्या जाळ्या तुम्हाला दुवा देतील.

बसवताना १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, वेगळा एमसीबी. २,००० वॉटला साडेआठ-नऊ अँपिअर लागतात. जुन्या प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील तर सॉकेटही बदलून घ्या. बसवल्यावर आधी गरम पाण्याचा नळ सोडा, धार येईपर्यंत थांबा, मगच बटण लावा. कोरड्या टाकीत लावलेली कॉइल पहिल्याच दिवशी जाते, आणि मग कंपनीच्या नावाने खडे. थर्मोस्टॅट ६० च्या आसपास. त्याहून वर नेलात की चुना जोरात बसतो.

जुना गीझर उतरवताना तो भरलेला असतो हे प्लंबरला आठवण करून द्या. १५ लिटर म्हणजे १५ किलो पाणी, वर टाकीचं वजन. खाली बादली लावून आधी रिकामा करायचा. एका माणसाने स्टुलावर उभं राहून काढायची वस्तू नाही ती. भंगारवाल्याला देण्याआधी प्लंबरकडून खालची फ्लँज उघडून घ्या आणि सासूबाईंना बोलवा. मनगटाएवढी कॉइल आणि कांडीची तार बघितली की घाई कुणाची होती, हा वाद मिटेल असं वाटतं. मिटला नाही तर कळवा.

आणि नव्या गीझरच्या कवचावर, खालच्या बाजूला, न पुसणाऱ्या पेनाने बसवल्याची तारीख लिहा. शेजारी "अ‍ॅनोड" असं लिहून थोडी जागा मोकळी सोडा.

— तुमचे काका

ता. क. मिस्टरांना सांगा, चप्पल बाथरूमबाहेर.